शेजारची खाट
ब्लीचिंग पावडरचा वास आला की मला उरणजवळच्या एका लहानशा इस्पितळातला बायकांचा वॉर्ड आठवतो. मी तिथे नर्स होते. पायाच्या जखमेसाठी बरेच दिवस अँटिबायोटिक घेतलेल्या एका म्हातारीला जुलाब सुरू झाले. "हा जंतू हातांवरून पसरतो आणि सॅनिटायझरने मरत नाही. साबण-पाण्यानेच हात धुवा," डॉक्टरांनी बजावलं. पण वेगळी खोली रिकामी नव्हती आणि नळ दोन दिवस कोरडे होते. खिडकीबाहेर मिठागरांतलं पाणी उन्हात चमकत होतं. भरून ठेवलेली बादली म्हातारीला पुसण्यातच संपली. मी सॅनिटायझर चोळलं आणि शेजारच्या खाटेकडे वळले. तिथली बाई पित्ताशयाच्या ऑपरेशनमधून सावरत होती. चार दिवसांनी तिलाही जुलाब लागले. औषधं बदलली, सलाइन लावलं, तरी पोट फुगतच गेलं आणि आठवड्याभरात ती गेली. "शिस्टर, ही तर बरी झाली व्हती ना? मंग हे कशानं झालं?" तिच्या नवऱ्याने विचारलं. "इस्पितळात जंतू असतातच," मी म्हणाले. त्याने मान हलवली आणि तिची पिशवी भरायला घेतली. आता मी नवीन नर्सना हात धुवायला शिकवते. तो जंतू तिच्यापर्यंत बहुधा कोणी नेला, हे मात्र कुणालाच सांगितलेलं नाही.