भाकरी कच्च्या नव्हत्या

"माळ्याचा झरोका बुजवू नगं, पत्र्याला घाम सुटतोय," असं माझ्या सासूबाई, आमच्या अत्ती, लग्नानंतर म्हणाल्या होत्या. यंदा थंडीत वारा येतो म्हणून मी तिथं पोतं कोंबलं.

मैत्रिणींनो, आज सकाळी माळ्यावरची टोपली उतरवली. अत्तींनी थरथरत्या हातांनी केलेल्या साठवणीच्या कडक भाकरींवर हिरवी बुरशी चढली होती. वर पत्रा ठिबकत होता.

"माज्याच कच्च्या ऱ्हायल्या असतील. हात गेले की माजे. आता न्हाय थापत," त्या म्हणाल्या.

 त्या परसात गेल्यावर मी हळूच पोतं काढलं.

तुम्ही लगेच खरं बोलला असतात का?

आता सांगायला निघाले आहे. त्या नाही म्हणतील, तरी विचारणार: अत्ती, चूक माझी होती, उद्या पुन्हा भाकरी थापाल का?