वरच्या खिडकीतली बाई

नांदुऱ्यात कोन्तंही नवं घर घ्या. त्याचा चांगला फोटो असन, तं तो शकूरनं काढलेला असते, डोळे झाकून समजा. मी पुंजाजी. ठेसनाच्या रस्त्यावर माह्यं रंगाचं दुकान हाय. घराले रंग माह्या दुकानातून जाते अन् रंग वाळला की फोटो शकूर काढते, असं आमचं जोडकाम. आमच्या भागात वास्तुपूजनाच्या पत्रिकेवर घराचा फोटो छापाची भारी हौस. देवाचा फोटो येवढासा कोपऱ्यात अन् घराचा मधात, हा असा मोठा! त्याच्यापायी ठेकेदार लोकं शकूरले पार मेहकर, जळगाव जामोदपर्यंत बलावतात.

तुमाले वाटन, घराचा फोटो म्हंजे काय मोठी गोष्ट? घर काय पळून चाल्लं? म्या बी एकदा असंच म्हतलं, तं असा भडकला माह्यावर! "दुपारी फोटो काढला तं छज्जाखाली काळंकुट्ट अन् भितीवर पांढरं फक. असं थोबाड कोनाले पाहू वाटन बे?" त्याचं काम झाकट पडताना. दिवस बुडाला की आभाळ जराक वेळ निळं राहते, चहाले उकळी येते तेवढाच वेळ. तेवढ्यात घरातले सारे लाइट लागले पाह्यजेत. वर निळं आभाळ अन् खाली पिवळ्या खिडक्या, दोन्ही एकाच फोटोत. लवकर काढला तं खिडक्या मेल्यावानी दिसतात, उशीर झाला तं आभाळ काळं ठिक्कर. अन् फोटोच्या आधी अंगणात पानी मारा लागते, म्हंजे खिडकीचा उजेड वल्या फरशीवर उतरते.

पानी मारनं अन् लाइट लावनं, हे काम गौसिया भाभीचं. शकूरची बायको. शकूर रस्त्याच्या पल्याड स्टँड लावून उभा राहे अन् भाभी बकेटीनं अंगण वलं करून आत जाये. नव्या घरात सामान नाई, मानूस नाई, नुसता रंगाचा वास. ती एकलीच खोलीखोलीनं बटनं दाबत फिरे. एखाद्या खोलीचा उजेड जास्त झाला की लगेच बंद करा लागे, म्हून शकूर रस्त्यावरून वरडे, "हात बटनावरच ठेव! हलू नको!" अंधारात त्याचा कॅमेरा लय वेळ उघडा राहते. त्यात जे हललं ते फोटोत धुरावानी होते. अन् भाभी दर खेपीले मान खिडकीकडे वळवून इचारे, "हो गया क्या?" झालं! पुन्हा पयल्यापासून. नवरा-बायकोचं हे भांडन आख्ख्या गल्लीले आयकू जाये.

घरी आला की तो कम्प्युटरवर बसे. निळ्या आभाळाचा एक फोटो, लाइटायचे चार-सहा, ते सारे एकावर एक ठेवून एक करे. तिरपी भित सरळ करे. विजेच्या तारा पुसे, फाटकातली बकरी पुसे. अन् सगळ्यात शेवटी खिडक्यायमधली भाभी पुसे. लोकायले पत्रिकेवर त्यायचं घर पाह्यजे, शकूरची बायको कायले? फोटो देऊन झाला की मूळचे फोटोही काढून टाके. म्हणे, जागा भरते.

आन् भाभी गेली. पावसाळ्यात ताप आला, अकोल्याले नेली, तिकडूनच गेली. लेकरूबाळ नाई. शकूर एकटा राह्यला.

म्या म्हतलं, "शकूर, बटनं दाबाले मी येतो. दुकान लवकर बंद करतो." तं नाई म्हणे. कोनालेच आत जाऊ देत नाई. आता सारं एकटाच करते. कॅमेऱ्याले टाइम लावून देते, धावत आत जाते, लाइट लावते, कोपऱ्यात हातातला फ्लॅश उडवते, पुन्हा धावत बाहेर. मग रात्री बसून सोतालेच पुसते. एकदा त्याच्याकडे न पुसलेला फोटो पाह्यला म्या. जिन्यात शकूर, गच्चीवर शकूर, न्हाणीच्या खिडकीत बी शकूर. पयले हासू आलं मले. मंग लय वाईट वाटलं. येवढं मोठं घर, अन् जिकडेतिकडे हा एकलाच.

एक दिवस दुकानात आला अन् डब्ब्यावर बसला. मी गिऱ्हाइकाले रंग घोटून देत होतो. गिऱ्हाइक गेल्यावर म्हणे, "पुंजाजी, मले गौसियाचा चेहरा आठवून नाई राह्यला."

मले रागच आला. "लेका, दुनियेची भिताडं कोन्त्या कोनातून चांगली दिसतात हे तुले पाठ, अन् बायकोचा चेहरा आठवत नाई? फोटो पाह्य ना घरी जाऊन!"

"कोन्ता फोटो?"

अन् मंग माह्या ध्यानात आलं. भाभीले फोटोचं वावडं. कोनी मोबाइल काढला की ओढनी आडवी धरे. लग्नातले फोटो हायेत, त्यात ती खाली मान घालून, चेहरा झाकलेला. राह्यलं आधार कार्ड. त्याच्यावरून तं माह्या मायनं मले वळखलं नसतं. शकूर म्हणे, "तिचा आवाज येते मले. चालनं आठवते. चेहरा पाहाले गेलो की पुसल्यावानी होते. दर खेपीले म्याच तं पुसली तिले, यार." येवढं बोलून रडाले लागला. दुकानात रंगाच्या डब्ब्यायमधी, धडधाकट मानूस.

मी बसलो इचार करत. आन् एकदम आठवलं. "अबे, मेहकरच्या मास्तरचा फोन!"

मेहकरच्या महादेवराव मास्तराचं घर. पत्रिका छापाची घाई होती म्हून शकूरनं खालच्या खिडक्यायमधली भाभी पुसली अन् वरच्या, जिन्याच्या खिडकीतली तशीच राहून गेली. फ्रेम करून पाठवल्यावर मास्तराचा फोन, "माझ्या घरात ही बाई कोण उभी आहे हो?" आम्ही तवा लय हासलो होतो. भाभी तं सगळ्यात जास्त. शकूरनं माफी मांगून दुसरी साफ फ्रेम पाठवली. पन चुकलेली वापस नव्हती आली.

त्यानं तिथूनच मास्तराले फोन लावला. मास्तर आता पोराकडे पुण्याले. म्हणे, "जुनी फ्रेम ना? आईजवळ असेल. आई मेहकरलाच असते, एकटी. जाऊन पाहा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. खामगावले गाडी बदलली. सारा रस्ताभर शकूर खिडकीतून पाहत होता. मलेच धाकधूक. फ्रेम नसली तं? फुटली असली, चुलीत गेली असली तं? हा मानूस वापस कसा न्यावा म्या?

घर वळखलं. रंग माह्याच दुकानचा, उडाला होता जरा. मास्तराच्या आईनं, केसरबाईनं दार उघडलं. वाकलेली म्हातारी, पन डोळे लखलख. "फोटूवाले बाबू ना तुमी?" म्हणे. आत बसवलं, पानी देलं अन् चहा ठेवाले गेली. शकूर बैठकीच्या भितीवर फ्रेम पाहे. तिथं साफ केलेली फ्रेम होती, रिकाम्या खिडक्यायची. त्याचं तोंड उतरलं.

माह्यी नजर देवघरात गेली अन् मी गारच पडलो. देवायच्या बाजूले ती चुकलेली फ्रेम. झेंडूचं फूल वाहेलं. वरच्या खिडकीवर हळद-कुंकवाचा हा येवढा थर, अन् समोर निरांजन.

म्या शकूरले कोपरानं ढोसलं. त्यानं पाह्यलं. उठला, देवघराच्या उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राह्यला, आत पाय नाई टाकला. शेजारची एक बाई दूध द्याले आली होती, तिनं मोठ्या कौतुकानं सांगतलं, "लक्षुमी आलती या घरात. फोटूत उमटली. आमच्या गल्लीत सगळ्यायले माहीत हाय."

बाई गेली. म्या हळूच म्हतलं, "बोल ना बे." तं शकूर मान हालवते. "नोको पुंजाजी. म्हातारीची लक्ष्मी हाय ते. म्या कसं म्हनू, ही माह्यी गौसिया हाय म्हून? चाल, जाऊ." मले असा संताप आला! येवढ्या दूर आलो, समोर बायको हाय, अन् हा म्हणते चाल! म्या तोंड उघडनारच होतो, तं केसरबाई चहा घेऊन आली अन् इचारते कशी,

"काऊन बाबू, बाईले नाई आनलं सोबत?"

शकूरच्या हातात कप तसाच राह्यला.

"ते हसऱ्या. बकेट घेऊन आलत्या ते."

म्याच म्हतलं, "मावशी, भाभी वारल्या."

म्हातारी खाली बसली. मंग म्हणे, "लोकं म्हनतात लक्षुमी. म्या नाई मोडत त्यायचं मन. पन बाबू, लक्षुमीले कायले बटन दाबा लागते?"

मंग तिनंच सांगतलं. त्या दिवशी शकूर बाहेर स्टँड लावत होता तवा भाभी तिच्याजवळ ओट्यावर बसली होती. घर येवढं मोठं, पोरगा पुण्याचं बोलून राह्यला, मी एकटी काय करू, म्हून म्हातारी रडली. भाभीनं डोळे पुसले तिचे. म्हणे, "आजी, बसत नाई त्या खोलीतला बी लाइट लावत जा. घराले एकटं वाटत नाई." केसरबाई म्हणे, "माह्या घरात पयला उजेड त्या बाईनं केला. पूजा व्हायच्याही आधी. म्हून देवाजवळ बसवली. दिवेलागणीले रोज वर चढतो अन् साऱ्या खोल्यायचे लाइट लावतो. गुडघे दुखतात, तरी चढतो."

तिनं उठून फ्रेम काढली. पदरानं काच पुसली अन् शकूरच्या हातात देली. "पाह्य बापू. तुह्यी हाय."

आमी दोघं वाकलो. कुंकवाखाली खिडकी निघाली. बटनावरचा हात अगदी साफ, बांगड्या मोजून घ्या. अन् चेहऱ्याच्या जागी धुराचा एक पट्टा. तिनं मान वळवली होती.

चेहरा नव्हता.

मले वाटलं आता हा मानूस इथीच कोसळते. पन शकूर त्या धुराकडे पाहतच राह्यला. बोटानं काचेवरून तिच्या मानेचं वळन काढलं. मंग तोंडातल्या तोंडात म्हणे, "मलेच पाहत होती ते."

केसरबाई म्हणे, घेऊन जा. त्यानं मान हालवली. म्हणे, "राहू द्या आजी. इथी तिच्यासमोर रोज दिवा तं लागते. माह्या घरी कोन लावन?" म्हातारीनं फ्रेम खिळ्याले अडकवली. तिरपी झाली होती, ते त्यानं उंबऱ्याबाहेरूनच सांगून सरळ करून घेतली, जरा डावीकडे, जरा वर. म्हातारीनं कुंकवाचं बोट उचललं अन् थांबली. "लावू ना बाबू? तुमच्यात चालत नसन तं..." शकूर म्हणे, "लावा. पन चेहऱ्यावर नोको. हातावर लावा."

नांदुऱ्याले उतरलो तवा झाकट पडत होती. ठेसनाच्या वरचं आभाळ निळं. शकूरच्या घरासमोर आलो. घर अंधारात, फाटकाले कुलूप. त्यानं कुलूप उघडलं, पन आत नाई गेला. अंगणात जुनी बकेट पडेल होती, तिच्यात पानी भरून त्यानं फरशीवर मारलं. मंग रस्त्याच्या पल्याड जाऊन उभा राह्यला अन् मले म्हणे, "पुंजाजी, आत जा. वरच्या खोलीचा लाइट लाव."

गेलो. जिन्यात ठेचकाळलो, भिताड चाचपत बटन शोधलं अन् दाबलं. बटनावर हात ठेवून मान वळवली अन् खिडकीतून इचारलं, "झालं का बे?"

तो तिकडून वरडला, "हलू नको!"

मी तसाच उभा राह्यलो. खाली वल्या फरशीवर खिडकीचा उजेड पडला होता अन् शकूर रस्त्यावर उभा राहून वर पाहत होता. त्याच्या हातात कॅमेरा नव्हता.