अप्पांची पाचवी फेरी

चार लाईनमन चहाला बसले की किस्से आपोआप जमतात. आम्हाला तर फार लांब जावंच लागत नाही. उदगीरजवळच्या आमच्या सबस्टेशनचे ऑपरेटर मन्मथअप्पा आहेतच!

आम्ही पोलवर चढायच्या आधी अप्पा लाईन बंद करतात आणि फोनवर ‘चढा’ म्हणतात. पण त्याआधी यार्डात जाऊन स्विच बघतात. परत येतात. परत जातात. पाच फेऱ्या! आम्ही उन्हात उभे, गावकरी शिव्या देतायत.

"अप्पा, झालं का?"

"बंद हाय रे. पर बघायलो की!"

*

घरीही तेच. पुतणीच्या लग्नाला देगलूरला निघाले, तर गॅस बघायला स्टँडवरून तीनदा माघारी! शेवटी अप्पांची बायको, म्हणजे आमच्या काकू, एकट्याच एसटीत बसल्या. तिकडे अक्षता पडल्या तेव्हा अप्पा इकडे स्वयंपाकघरात, हात शेगडीच्या बटणावर! हा किस्सा सांगताना आम्ही हसतो. काकू हसत नाहीत.

*

एकदा वैतागून मी फोनवर म्हणालो, "चार वेळा बघितलंत ना? चढतो मी!"

शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होतो, तेवढ्यात पुन्हा फोन.

"उतर! उतर आधी!"

स्विचच्या तीन पात्यांपैकी एक चिकटूनच राहिलेलं. पाचव्या फेरीत दिसलं. एका तारेत करंट चालू होता! मी खाली बसलो तो तासभर उठलोच नाही.

*

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गेलो. अप्पांनी हातसुद्धा लावला नाही.

"चार वेळा बघितलं रे मी. चारी वेळा दिसलं न्हाई!"

मला वाटलं होतं, माणूस खूश असेल. तो तर माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला! त्या दिवसापासून दहा फेऱ्या सुरू झाल्या. जेवणाचा डबा तसाच घरी परत जायला लागला.

*

मग काकूंनी त्यांना लातूरला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. महिन्यातून एका सोमवारी जातात. हळूहळू फरक पडला. आता अप्पा जेवतात, झोपतात, स्विच एकदाच नीट बघतात. आम्हाला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू!

परवा पोलवर काम निघालं. दोन मिनिटांत अप्पांचा फोन, "बंद हाय. चढ."

माझा पाय काही उचलेना.

"अप्पा, परत एकदा बघता का?"

बघून आले. मी पुन्हा फोन केला. पुन्हा बघून आले बिचारे. मी तरी आणखी एक फोन केला. अप्पा हळूच म्हणाले,

"सोमवारी लातूरला चाललोय. येतो का संगं?"