धानाच्या खोलीतली गिटार

दोस्तहो, नवशिक्यानं कोणती गिटार घ्यावी, हे तुम्हालेच विचारलं होतं ना? आज चंद्रपूरहून लहान अंगाची अकूस्टिक गिटार अन् एक साधा माइक घेऊन मी धानोऱ्याले घरी आली.

पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं, तर टिनाच्या खोलीत आवाज नुसता घुमून राह्यला होता. भिंतीले फोम लावा, असं सगळे व्हिडिओ सांगतात.

आई म्हणे, "धानाच्या खोलीत बसून पाह्य."

तिथं छतापर्यंत पोत्यांची थप्पी आहे. मधात पाट टाकून बसली, अन् आवाज एकदम साफ आला.

बाबा उद्या ते धान विकाले नेणार होते. रेकॉर्डिंग ऐकून म्हणाले, "बाई, तुह्यं एक गाणं पुरं होऊ दे. मंग नेऊ."

मले दोनच कॉर्ड येतात. सोपं गाणं सांगा कोणी, धान थांबून आहे.