अकरा माणसं आणि एक निळं दार

"चौधरी, हे दार बघा," बीडीओ साहेब म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

निळं दार होतं. साहेबांनी पुढचा फोटो लावला. माणूस दुसरा, दार तेच. अकरा फोटो बघून झाले. अकरा माणसं, दार एकच. बायकांच्या गळ्यात चांदी, पुरुषांच्या डोक्यावर नवे फेटे. मागे विटांची भिंत आणि वर पत्रे.

"पक्की घरं असून घरकुल लाटायला निघालेत. आणि बाहेर बोंब मारणारे पण हेच!"

बाहेर बोंब होती खरी. घरकुल म्हणजे कच्च्या घरात राहणाऱ्याला पक्कं घर बांधायला सरकार हप्त्याहप्त्याने पैसे देतं ती योजना. त्या वर्षी आमच्या तालुक्याचं टार्गेट, म्हणजे वर्षभरात किती घरं द्यायची तो आकडा, वरूनच कमी होऊन आला. सोबत आदेश आला की मंजूर झालेल्यांतून अपात्र गाळा. शोधायलाच बसलं की अपात्र सापडतात. नावं धडाधड उडाली आणि जीपच्या जीप भरून माणसं ऑफिसच्या फाटकाशी येऊन बसली. "आमची घरं कोणी खाल्ली?" एवढंच ती विचारत होती.

मी तिथे शाखा अभियंता होतो. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. स्वभाव मूळचाच संशयी, त्यात जन्मभर बांधकामं तपासलेली. सासुरवाडीच्या चहातसुद्धा मी पाणी किती ते बघतो. त्यामुळे ते निळं दार मलाही खटकलं. पण एका गोष्टीचा जास्त संशय आला. लबाडी करणारी अकरा माणसं एकाच दारापुढे कशी उभी राहतील? एवढी अक्कल तर चोराला असतेच.

"फेरतपासणी करतो," मी म्हणालो.

"करा. पण राहत्या कच्च्या घराचा फोटो पाहिजे, जिओ-टॅगसकट. फोटो नाही, तर नाव कायमचं बंद."

जिओ-टॅग म्हणजे फोटो कुठे काढला ती जागा मोबाइल त्या फोटोबरोबरच नोंदवून ठेवतो. फोटो खोटा असेल तर जागा चुगली करते.

त्या अकरा जणांचा पाडा धडगावच्या घाटापलीकडे. त्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. ग्रामसेवक पाटील भाऊसाहेब सोबत होते. माणूस सपाटीवरचा, शहाद्याकडचा. जीपमधून उतरता उतरताच मला म्हणाले, "आप्पा, मी सांगस ना, ह्या लोके आपले बनाई ऱ्हायनात." म्हणजे हे लोक आपल्याला बनवताहेत.

डोंगरातला पाडा म्हणजे ओळीत घरं नसतात. ज्याचं शेत जिथे, तिथे त्याचं घर. एक या टेकाडावर, दुसरं समोरच्या. आम्ही दिसलो तशी टेकाडांवरची दारं एकेक करून लागली. निळं दार तेवढं उघडं होतं. ते वेस्ता कारभाऱ्याचं घर. हा पाड्याचा वडीलधारा. मुलगा आश्रमशाळेत नोकरीला, म्हणून पाड्यात पक्कं घर असं हे एकच. त्याने खाट टाकली, पाणी दिलं, पण चेहरा दगडासारखा.

"फोटो काढायचेत, दादा," मी म्हणालो.

"मागे फोटो काढला तर नाव गेलं," वेस्ता म्हणाला. "आता परत फोटो. आता काय नेणार तू?"

डोंगरात सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, साहेबालाही. त्यात अपमान नसतो. त्या दिवशी मात्र थोडा होता.

"मागच्या वेळी सगळे तुमच्याच दारापुढे का उभे राहिले?"

माझ्याकडे त्याने वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "फोटो खराब घरापुढे काढतात का? लग्नाचा फोटो पण पोरं इथेच काढतात. सर्वेवाला आला, पाहुणा होता. म्हटला फोटो पाहिजे. आम्ही सगळ्यांना निरोप दिला, चांगले कपडे घालून या."

"आणि तो त्यांच्या घरी गेला नाही? वर, टेकाडावर?"

"ऊन होतं," वेस्ता म्हणाला.

एवढंच. मला हसू येईना आणि रागही कोणावर काढावा कळेना. पाड्याने पाहुण्याचा मान राखला. पाहुण्याने आपले पाय राखले. आणि आम्ही ऑफिसात बसून त्या मानाला लबाडी ठरवलं.

वेस्ताने हाका मारल्यावर दारं उघडली. मी एकेक टेकाड चढलो. कुडाच्या भिंती, म्हणजे काटक्यांवर माती लिंपलेल्या, आणि खचलेली कौलं. प्रत्येक घराचा फोटो त्या घराच्याच जागेवर काढला. दहा झाले. अकरावी रुमलीबाई. नवरा वारलेला, मुलगी आणि म्हातारी सासू पदरात. तिच्या टेकाडावर पोचलो तर तिथे घरच नव्हतं. जमिनीत खांबांचे खड्डे आणि मध्ये चूल. तिघी बाजूला चार बांबूंवर पळसाची पानं टाकून राहत होत्या.

"घर कुठंय?"

"मोडलं. तुम्हीच सांगितलं, मंजूर झालं, जागा मोकळी कर. लाह बोलावली आणि मोडलं."

लाह म्हणजे एकाच्या कामाला सगळा पाडा येतो. मजुरी कोणी घेत नाही. ज्याचं काम असेल त्याने जेवण घालायचं. तिने उसनं धान्य आणून जेवण घातलं होतं. जागा मोकळी झाली आणि मग नाव उडालं.

मी नियम सांगितला. राहतं घर नाही, तर फोटो नाही. ती रडली नाही. म्हणाली, "फोटो तू ठेव, साहेब. मला माझं घर दे. जुनं दिलं तरी चालेल." पावसाळा तोंडावर होता. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. उद्या परतताना येतो असं पुटपुटलो आणि पुढच्या पाड्यावर गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आलो तर रुमलीबाईच्या टेकाडावर घर उभं होतं.

भाऊसाहेब जागीच थबकले. "काल आठे काहीच नव्हतं, आज घर कोठेन उनं?"

माझा संशय जागा झाला. मी घराभोवती फिरलो. खांब कालच्याच खड्ड्यांत. बांधण्या मात्र ताज्या, साल अजून ओली. आणि कूड बाहेरून काळाकुट्ट. घर धुराने काळं पडतं ते आतून, बाहेरून नाही. घाईत कुणीतरी आतली बाजू बाहेर लावली होती. म्हणजे कूड जुना, तिचाच.

"तिच्या घराचं लाकूड, कूड आम्ही आपापल्या घरी ठेवलं होतं. बाहेर ठेवलं तर वाळवी लागते," वेस्ता म्हणाला. "परत लाह केली. तिच्याकडे जेवण घालायला नव्हतं. ज्याने त्याने आपली भाकर आणली."

रुमलीबाई दारात उभी होती. यावेळी चांदी नव्हती, कपडेही रोजचेच. मी फोटो काढला.

ऑफिसात बीडीओ साहेबांनी तो मोठा करून बघितला. त्यांचीही नजर काही कच्ची नव्हती. "हे घर बाहेरून काळं कसं? आणि बांधण्या ताज्या दिसतात."

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे फोटोसाठी घर बांधलं?"

"हो साहेब. पण तिचंच."

साहेबांनी फोटो परत लहान केला. म्हणाले, "रिमार्कमध्ये हे लिहू नका."

अकराही नावं परत आली. बातमी द्यायला मी स्वतः गेलो. इतका आनंद मला माझ्या बढतीचाही झाला नव्हता. पण सोबत दुसरी गोष्टही सांगायची होती. नावं आली तरी टार्गेट कापलेलंच होतं. पहिला हप्ता पुढचं टार्गेट येईल तेव्हा. कधी येईल, ते वरच्यांनाही सांगता येत नव्हतं.

पाऊस पडून गेला होता. रुमलीबाईने कूड सरळ करून घेतला होता आणि नवी माती लिंपली होती. आत चूल पेटलेली, सासू शेकत बसलेली.

"नाव आलं, बाई."

"घर?"

"येईल."

ती हसली. त्या पाड्यात कोणाला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. "मग हे मोडत नाही मी. तू परत फोटो मागशील."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी ज्या ज्या पाड्यावर गेलो तिथे एकच सांगत गेलो. मंजुरीचा कागद आला तरी जुन्या घराची काडी हलवू नका, पहिला हप्ता खात्यात पडू द्या. योजनेच्या माणसाने असं सांगायचं नसतं. माझ्यावर नाराज झालेल्या साहेबांची संख्याही वाढली. पण माझ्या सगळ्या नोकरीत एका दिवसात उभं राहिलेलं घर मी एकच बघितलं, आणि ते आम्ही बांधलेलं नव्हतं.