अकरा नंबर पटलं का?

सिंधूमावशी पुस्तक परत घेताना कुणाशी फारसं बोलत नसे. पुस्तक उलटसुलट करून बघायची, एखादं पान फाटलेलं दिसलं तर फाडणाऱ्याच्या सगळ्या खानदानाची विचारपूस करायची, आणि शिक्का मारून कपाटात ठेवून द्यायची. फक्त एका पुस्तकाला ही रीत लागू नव्हती. अकरा नंबर परत आलं की ती शिक्का बाजूला सारायची, पुस्तकावर हात पालथा ठेवायची आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून विचारायची, "पटलं का?"

बेडसे लेण्यांच्या खालच्या अंगाला आमचं गाव. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत वाचनालय. दोन लोखंडी कपाटं, एक बाक आणि एका पायाखाली वीट लावलेलं टेबल. लोणावळ्यातला कुणाचा तरी बंगला विकला गेला तेव्हा तिथली पुस्तकं टेम्पोत भरून आमच्याकडे आली होती. त्यात डिटेक्टिव्ह सरंजामे यांची सगळी मालिका होती. बरीच मुखपृष्ठं गळून गेली होती, म्हणून मावशीने त्यांना जुन्या कॅलेंडरांचे कागद चढवून वर नंबर घातले. तेव्हापासून गावात कुणी त्या पुस्तकांची नावं घेत नसे. "चार नंबर आहे का?" "सतरा नंबर कुणाकडं गेलंय?" अशीच मागणी व्हायची. आणि सगळ्यांत जास्त मागणी अकराला.

अकरा नंबरची गोष्ट साधी आहे. थंड हवेच्या गावात एक बंगला, तिथले म्हातारे रावसाहेब, आणि वर्षानुवर्षं त्यांच्याकडे असलेला स्वयंपाकी गंगाराम. एका पावसाळी संध्याकाळी रावसाहेब मेलेले सापडतात. संशय पुतण्यावर जातो, मग दिवाणजीवर, मग एका पाहुण्या बाईवर. शेवटच्या प्रकरणात सरंजामे सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतात आणि मेजावर गंगारामचं ओलं घोंगडं टाकतात. गंगाराम म्हणालेला असतो की पाऊस यायच्या आधीच तो घरी गेला होता. मग घोंगडं भिजलं कसं? तिथे गंगाराम मान खाली घालतो आणि पुस्तक संपतं.

मावशी हा प्रश्न का विचारते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ नामदेव लोणावळ्याच्या एका बंगल्यावर माळी होता. बंगल्याचे मालक बागेच्या मागच्या बाजूला डोक्यात फावड्याचा घाव बसून मेलेले सापडले आणि नामदेवला धरलं. कोर्टात मावशीने साक्ष दिली. त्या संध्याकाळी तो घरी होता, मी स्वतः त्याला जेवायला वाढलं, असं तिने सांगितलं. समोरचा वकील म्हणाला, "बहीण आहे. ती असंच सांगणार." नामदेवला जन्मठेप झाली. मावशीचं लग्न ठरत आलं होतं, ते मोडलं. आईवडील मागोमाग गेले. ती एकटी राहिली आणि पुढे वाचनालयात लागली.

अकरा नंबरात एक पान आहे, जिथे गंगारामची बायको सरंजामेंना सांगते, "ते घरी आले, पोटभर जेवले आणि झोपले." त्यावर सरंजामे हसून म्हणतात, "घरची माणसं असंच सांगणार." पुढे त्या बाईचं नावही येत नाही. मावशीने ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती कपाटासमोर उभी होती. ती तिथेच खाली बसली, असं तिनेच मला सांगितलं होतं.

"आता तूच सांग," ती म्हणायची, "मानूस मारून आलेला गडी दोनदा आमटी मागून घील व्हय? घास तरी उतरंल का त्याच्या घशाखाली?" ती गंगारामबद्दल बोलते आहे की नामदेवबद्दल, हे विचारायची गरज नसायची. पुस्तकात आमटीचा उल्लेखच नाही.

तिला एकच गोष्ट हवी होती. "एवढी लोकं वाचत्यात. एकाला तरी वाटू दे की ह्ये चुकलंय." एका तरी वाचकाने सरंजामेंवर अविश्वास दाखवला तर ज्याने कोर्टात तिच्यावर विश्वास ठेवला नाही तोही चुकला असू शकतो, असा तिचा हिशोब असावा. पण वाचणारे खुशीत परत यायचे.

तळेगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले संपतभाऊ म्हणाले, "लय भारी, सिंधू! घोंगड्याचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई. मी आपला पुतण्यावर नजर ठेवून होतो."

"म्हंजी गंगारामनंच केलं म्हनायचं?"

"मग काय मी केलं?"

"तुमी कशाला कराल? तुमाला तर चष्मा सापडायला दोन मानसं लागत्यात," असं म्हणून मावशीने शिक्का आपटला.

चिक्कीच्या कारखान्यात जाणारी मंगल सगळी पुस्तकं शेवटाकडून वाचायची. कुणी मारलं ते आधी कळल्याशिवाय तिचं मन लागत नसे. "मला तर पयल्या पानापासनंच त्यो गंगाराम खुनी दिसत व्हता," ती म्हणाली. मावशी तिला म्हणाली, "आगं, शेवट वाचून आल्यावर कुनीबी खुनीच दिसंल."

एकदा शाळेतले गुरुजी पुस्तक परत द्यायला आले. मावशी मागच्या कपाटात काही शोधत होती. गुरुजी बाकावरच्या माणसाला सांगत होते, "काय सांगू, अगदी निर्दोष..." मावशी धावत पुढे आली. हातातली पुस्तकं तिने टेबलावर टाकली. "कोन निर्दोष, गुरुजी?"

गुरुजी गोंधळले. "बांधणी. कथानकाची बांधणी निर्दोष आहे म्हटलं."

"हां," मावशी म्हणाली. "बांधनी." आणि पडलेली पुस्तकं गोळा करू लागली.

लोणावळ्याच्या हॉटेलात कामाला असलेल्या एका मुलाला कुणीतरी शिकवून पाठवलं होतं. तो आल्या आल्या म्हणाला, "मावशी, गंगारामनं काय केलं न्हाई. एकदम इनोसंट आहे तो." मावशी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हळूच विचारलं, "घोंगडं कुणाचं व्हतं रं?" मुलगा म्हणाला, "कसलं घोंगडं?" तिने पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. "वाचून ये जा." तिला खोटं पटलेलं नको होतं. खोटं बोलणारे तिला हवे तेवढे मिळाले असते.

मी वरच्या वाडीतली. आमच्या वाडीत कॉलेज बघितलेलं कुणी नव्हतं. वडील मिळेल त्या कामाला जायचे आणि घरी दिवा एकच. बारावीच्या वर्षी मावशीने वाचनालयाची दुसरी किल्ली माझ्या हातात दिली आणि सांगितलं, "हितं बसून अभ्यास कर. पंखा लाव, लाजू नको. बिल पंचायत भरती." वडील मला कामाला लावायचं म्हणत होते तेव्हा ती वाडीवर चढून आली. धापा टाकत अंगणात बसली आणि म्हणाली, "भाऊ, माझं ऐकून आजवर कुनाचं भलं झालं न्हाई. तुमी तरी ऐका." वडिलांनी ऐकलं. मी आज जी काही आहे ती त्या एका दुपारमुळे आहे.

इतकी वर्षं तिथे बसून मी अकरा नंबर वाचलं नव्हतं. तिने कधी दिलंही नाही. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा तिने ते स्वतः माझ्यासमोर ठेवलं. "आता तू शिकलीस. नीट वाच."

मी परीक्षेसारखं वाचलं. गंगाराम सुटावा अशी इच्छा धरून वाचलं. पावसाची वेळ, मागचं दार, पुतण्याची गाडी, सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. कुठे फट सापडली नाही. त्या घोंगड्याला दुसरं उत्तर नव्हतं. पुस्तक घेऊन गेले तेव्हा वाचनालयात आम्ही दोघीच होतो. तिने हात पालथा ठेवला.

"पटलं का, आश्वे?"

"पटलं, मावशी."

तिने मान हलवली. शिक्का मारला, शाई नीट उमटली नाही म्हणून पुन्हा मारला. "बरं झालं खोटं न्हाई बोललीस," ती म्हणाली आणि आमच्या दोघींसाठी चहा ठेवायला उठली. चहात त्या दिवशी साखर नव्हती. मी तो तसाच प्यायले, तिच्याही ते लक्षात आलं नाही.

माझा निकाल लागला त्याच सुमारास नामदेव सुटून आला. मी पेढे घेऊन मावशीच्या घरी गेले तेव्हा तो ओसरीवर बसला होता. पांढरे केस, वाकलेली पाठ, समोर अकरा नंबर. तुरुंगात वाचायची सवय लागली होती म्हणे. मावशीचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ती मला आत घेऊन गेली आणि कुजबुजली, "वाचून संपत आलंय त्याचं. आता कळंल. ज्याच्यावर बेतलंय त्यालाच ठावं असतंय." आजवर तिने इतरांना विचारलं होतं, ते पुस्तकाबद्दल होतं. आता ती ज्याला विचारणार होती त्याचं उत्तर पुस्तकाबद्दल असणार नव्हतं, आणि हे तिलाही कळत होतं.

तिने मला जेवायला ठेवून घेतलं. संध्याकाळ होती, अजून उजेड होता. नामदेवला तिने ताट वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, आमटी. तो खाली मान घालून जेवत होता. मावशी चुलीपाशी बसून त्याच्याकडे बघत होती.

"नामा, वाचून झालं?"

"झालं की."

"पटलं का?"

"पटलं, आक्का. त्यानंच मारलं."

मावशीने पळी भांड्यात ठेवली. मग तिने त्या पानाबद्दल विचारलं. आवाज अगदी हलका होता. "आन त्याची बायकू सांगती ते? घरी येऊन पोटभर जेवला म्हनून?"

नामदेवने भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला. आमच्या दोघींपैकी कुणाकडेही त्याने बघितलं नाही.

"खोटं न्हाई बोलली ती," तो म्हणाला. "जेवला आसंल. लय भूक लागती त्या टायमाला."

मग त्याने वाटी पुढे केली. मावशीने पळी उचलली आणि त्याला आमटी वाढली. एक थेंबही बाहेर पडला नाही. मी माझ्या ताटाकडे बघत बसले. बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडत होती आणि मावशी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अश्विनी, तू काय घेतलंच न्हाईस."

त्यानंतर ती वाचनालयात रोज यायची, पण अकरा नंबर परत आलं की इतर पुस्तकांसारखा शिक्का मारून कपाटात ठेवायची. लोकांना सवय होती. ते उगाच थांबायचे. संपतभाऊ एकदा स्वतःहून म्हणाले, "आगं, पुन्यांदा वाचलं. आता इचार की." ती म्हणाली, "काय इचारायचं? बरोबरच हाये ते." भाऊंना वाटलं, बाईने शेवटी मान्य केलं. ते आनंदाने घरी गेले.

मला पुण्याला नोकरी लागली. येईन तेव्हा मावशी आणखी बारीक झालेली दिसायची. स्वयंपाक दोन वेळा करायची, नामदेवला समोर बसवून वाढायची, पण त्याच्याबरोबर जेवायला बसत नसे. नंतरही जेवत नसावी. त्याला तिने एक शब्द विचारला नाही, घराबाहेर काढलं नाही, गावात कुणाला सांगितलं नाही. मी एकदा म्हणाले, "मावशी, माझ्याकडे चला चार दिवस." ती म्हणाली, "आन त्याला कोन वाढंल?"

शेवटी तिला तळेगावच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर पोटाचा आजार म्हणाले, उशीर झाला म्हणाले. मी घरून मुगाची मऊ खिचडी करून नेली होती. उशी उंच करून मी चमचा तिच्या तोंडाशी नेला. तिने एक घास घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि रुमालात काढून टाकला.

"माझ्याच घशाखाली उतरत न्हाई बघ," ती म्हणाली. तिला हसायचं होतं की काय, कळलं नाही.

"थोडंसं, मावशी. एकच घास."

तिने डोळे मिटून मान हलवली. ती झोपली असं वाटून मी डबा बंद करू लागले, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"त्यो बाहीर बसलाय न्हवं सकाळपासनं? ह्यो डबा त्याला दे," ती म्हणाली. "भूक लागली आसंल त्याला."

मी डबा घेऊन बाहेर गेले. नामदेव बाकावर बसला होता. आक्काने दिलाय, एवढंच मी सांगितलं. त्याने झाकण काढलं, आत बघितलं, आणि तिच्याच चमच्याने खाऊ लागला. मी त्याच्या शेजारी बसून राहिले. त्याने डबा पुसून रिकामा केला तेव्हा आतून नर्सने माझ्या नावाने हाक मारली.