सव्वाचार वाजता गरम होणारा फ्रीज

माझ्या धंद्यात भूत नसतं, फॉल्ट असतो. बावीस वर्षं सुरतमध्ये फ्रीज दुरुस्त करतोय. "या मशीनला काहीतरी लागलंय हो" असं म्हणणारी गिऱ्हाइकं खूप पाहिली, आणि दरवेळी मागे सापडलं ते जळालेला रिले, नाहीतर उंदरानं कुरतडलेली वायर. या ग्रुपवरचे तुमचे भुतांचे अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलो... खरं सांगतोय, राग मानू नका. पण मागच्या उन्हाळ्यात जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. आणि आधीच सांगतो — यात घाबरण्यासारखं काही नाही.

मी मूळचा अमळनेरकडचा. कतारगामला माझं लहानसं दुकान आहे. एप्रिलच्या शेवटी एक बाई दुकानात आल्या. पन्नाशीच्या, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी.

"भाऊ, मना फ्रीज थंडा ऱ्हास नही."

अहिराणी कानावर पडली की मी हातातलं काम ठेवतो. विचारलं तर त्या शिंदखेड्याकडच्या निघाल्या. लीलाबाई. मी लगेच मावशी म्हणायला लागलो. (त्यांचं बोलणं सगळ्यांना कळावं म्हणून पुढे बहुतेक साध्या मराठीतच लिहितो.)

त्यांची अडचण साधी नव्हती. त्यांना शुगर होती आणि दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावं लागे. ते औषध थंड राहिलं नाही तर वाया जातं. महिनाभरात त्यांची शुगर इतकी चढली होती की एकदा स्वयंपाक करताना चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी विचारलं, "औषध नीट थंड ठेवता ना?" तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की फ्रीज दगा देतोय.

मी त्याच दिवशी गेलो. दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. खालून लूमची खडखड सतत चालू. फ्रीज एका दाराचा, जुना पण चांगला राखलेला. घरात त्या एकट्याच. मुलगी लग्न होऊन नंदुरबारला, आणि मालक मागच्या वर्षी वारले — एवढंच त्या म्हणाल्या. मीही जास्त विचारलं नाही.

फ्रीज पुढे ओढला. मागची जाळी साफ केली. व्होल्टेज बरोबर होतं. कॉम्प्रेसर किती करंट ओढतोय ते पाहिलं, तेही बरोबर. गॅस कमी असता तर फ्रीझरमध्ये एकाच कोपऱ्यात बर्फ धरला असता, इथे सगळीकडे सारखा होता. दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून चारही बाजूंनी ओढून पाहिली, कुठेही सैल नव्हती. शेवटी थर्मोस्टॅट बदलला आणि इन्सुलिन तेवढं दोन-चार दिवस शेजारणीच्या फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलं.

तीन दिवसांनी त्यांचा फोन. "तसंच शे भाऊ."

यावेळी मी माझा डिजिटल थर्मामीटर लावून आलो. त्याची वायर आत राहते आणि आकडा बाहेर दिसतो. "दिवसभर अधूनमधून बघून लिहून ठेवा," म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिलेला कागद बघून मी चक्रावलो. सकाळी चार डिग्री, दुपारी बारालाही चार, साडेतीनलाही चार. सव्वाचारला सात. साडेचारला तेरा. सहा वाजेपर्यंत परत चार. पुढच्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच.

एखादा पार्ट खराब असेल तर तो घड्याळ बघून खराब होत नाही.

मला वाटलं थर्मामीटरच गंडलाय. तो बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहिला, शून्य दाखवलं. मग ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो त्या गुजराती काकांना फोन लावला आणि सगळे आकडे वाचून दाखवले. ते क्षणभरही थांबले नाहीत.

"दरवाजो खुल्लो रहे छे, भाई. बीजुं कंई नथी."

मलाही तेच वाटत होतं. कुणीतरी रोज सव्वाचारला तो फ्रीज उघडतं आणि वीस मिनिटं तसाच ठेवतं. पण कोण? मावशी एकट्या. मनात आलं, बाईंना भान राहत नसेल, स्वतःच उघडून विसरत असतील. म्हणून ठरवलं, आपण स्वतः बसायचं.

मेचा पहिला आठवडा होता. दुपारी चार वाजता गेलो. दाराच्या फटीवर वरपासून खालपर्यंत चिकटपट्टी लावली आणि समोर पाट घेऊन बसलो. मावशींनी चहा दिला आणि त्या भिंतीला टेकून बसल्या. पंखा गरम हवा फेकत होता. आकडा चारवर होता.

चार वाजून चौदा मिनिटांनी पाच झाला. मग सहा. मग आठ.

चिकटपट्टी जशीच्या तशी. दार बंद. मी उठून दाराला हात लावणार, एवढ्यात माझ्या पायाला गार लागलं. फ्रीज उघडल्यावर गार हवा खाली येऊन पायावर पडते ना... अगदी तशी. त्या बंद दारातून. अंगावर काटा आला म्हणू का? आला. पण भीतीनं नाही. आपण मधे उभे आहोत, कुणाच्या तरी वाटेत, असं वाटलं. मी दोन पावलं बाजूला झालो. का झालो ते आजही सांगता येणार नाही.

मागे वळलो तर मावशी रडत होत्या. आवाज न करता.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुला कसं सांगू?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे मालक इच्छापोरला एका कारखान्यात बॉयलरवर कामाला होते. पहिली पाळी तीनला सुटायची, कारखान्याची बस नाक्यावर आणून सोडायची आणि सव्वाचारला ते घरात. चपला काढल्या की आधी फ्रीज उघडायचे, शर्टाची बटणं सोडायची आणि तसंच दारासमोर उभं राहायचं. पाणीसुद्धा नंतर. वर्षानुवर्षं तेच. मग मावशींना इन्सुलिन लागलं. एक दिवस त्या चिडल्या — "दार लावा ना हो! मना औषधनी वाट लागी जाई. तुमले काय, मी मरू का जगू?"

त्यांनी दार लावलं. त्यानंतर फ्रीज कधीच उघडला नाही. घरी यायचे, ओलं फडकं मानेवर टाकून फरशीवर बसायचे. पाणीही माठातलं प्यायचे. मावशी एकदा म्हणाल्याही, "थोडा वेळ उभे राहा, काही होत नाही." ते नुसते हसले.

दीड महिन्यानं, मे महिन्यातच, ते बॉयलरजवळ कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. अंग इतकं तापलेलं की हात लावणाऱ्यानं हात मागे घेतला. दवाखान्यातून गाडी परस्पर गावी नेली. मालक घरी आलेच नाहीत.

"या खोलीत परत पाऊलच नही पडनं त्यासनं," मावशी म्हणाल्या.

आकडा बाराच्या वर गेला होता. मावशी उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि फ्रीजजवळ जाऊन चिकटपट्टी ओढून काढली. दार सताड उघडलं. आणि स्वतः एका बाजूला झाल्या — घरच्या माणसाला वाट द्यावी तशा.

"ऱ्हा उभे," त्या म्हणाल्या. "जितला वेळ पाहिजे तितला ऱ्हा. मी काय म्हनत नही."

आता जे सांगतो ते माझ्या धंद्यातल्या कुणाला सांगितलं तर तो मला वेड्यात काढेल. बाहेर चाळीसच्या पुढे ऊन, खोलीत भट्टी, आणि फ्रीजचं दार पूर्ण उघडं. आकडा वर जायला हवा होता. तो खाली आला. दहा, सात, पाच... चार. आणि चारवर थांबला. वीस मिनिटं दार उघडं होतं. मी आकड्यावरून नजर हलवली नाही. मग मावशींनी हळूच दार लावलं आणि कपबश्या उचलून मोरीत नेल्या.

त्या दिवसापासून त्या रोज सव्वाचारला दार उघडून ठेवू लागल्या. फ्रीज चारच्या वर गेला नाही. इन्सुलिन परत घरी आलं, शुगर उतरली. मी मधून मधून जाऊन बघत होतो. दुरुस्तीच्या नावाखाली जायचो, पण तिथे गेलं की बरं वाटायचं, हे खरं.

मी खूप विचार केला. खालच्या लूमची कंपनं, वायरिंग, आपल्याच डोळ्यांचा दोष... एकही गोष्ट सगळ्या आकड्यांना लागू पडत नाही. काकांना उघड्या दाराचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, थर्मामीटर फेकून दे. तो मी अजून वापरतो. एकदाही चुकलेला नाही.

दसऱ्यानंतर मावशींचा फोन आला. आवाज बसलेला. "ये भाऊ. फ्रीज बिघडना."

गेलो. सव्वाचारला त्यांनी दार उघडलं. आकडा चढायला लागला. पाच, आठ, अकरा — कुठल्याही फ्रीजचं दार उघडं ठेवलं तर चढेल तसाच. आठ दिवसांपासून असं होतंय, म्हणाल्या. मी दार लावलं, तासभर थांबलो. हळूहळू परत चार. व्होल्टेज पाहिलं, करंट पाहिला, रबर पाहिलं.

"मावशी, काही बिघडलेलं नाही. फ्रीज अगदी बरोबर चालतोय. आता दार उघडायची गरज नाही."

त्यांनी त्या बंद दारावर हात ठेवला. मग माझ्या हातातल्या हत्यारांच्या पेटीकडे बघून म्हणाल्या,

"तुले तर सगळं येस ना भाऊ... मंग पहिलासारखा बिघाडी दे ना."